हाताला मुंग्या आणणारं हँडल: ऑफरोड बाइकची थरथर टप्प्याटप्प्याने कशी कमी करावी

पहाटे मुंबईतून निघून नाशिक रस्त्याने शहापूरपर्यंत पोहोचता, चहाला थांबता, हातमोजे काढता आणि करंगळी नि शेजारचं बोट आपलं वाटतच नाही. अशा वेळी बहुतेक जण पहिला खर्च करतात तो महागड्या ग्रिप्सवर. फरक दोन दिवस जाणवतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ग्रिप हा या साखळीतला शेवटचा दुवा आहे. थरथर जिथून निघते तिथून ती तळहातापर्यंत येताना सहा-सात जागा ओलांडते, आणि त्यातली नेमकी कोणती जागा बिघडली आहे हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये, हे आमचं ठाम मत आहे.

आधी ओळख: थरथर, डुगडुग की दणका?

हँडलवर येणारी हालचाल तीन जातीची असते आणि तिघींची औषधं वेगळी आहेत.

थरथर म्हणजे बारीक, झिणझिण्या आणणारी. ती इंजिनाची. ऑफरोड बाइकमध्ये बहुधा एकच सिलिंडर असतो. पिस्टन वर-खाली होताना तयार होणारा धक्का क्रँकच्या दर फेरीला एकदा बसतो. 3,000 आरपीएमला (मिनिटाला 3,000 फेऱ्या) सेकंदाला 50 वेळा, 6,000 ला 100 वेळा, 7,500 ला 125 वेळा. हा धक्का तोलणारा बॅलन्सर शाफ्ट इंजिनात असला तरी हा धक्का पूर्ण जात नाही.

डुगडुग म्हणजे चाकाची. 90/90-21 मापाच्या पुढच्या टायरचा घेर साधारण 2.18 मीटर येतो. ताशी 60 किमीला ते चाक सेकंदाला साडेसात-पावणेआठ फेऱ्या मारतं, 80 ला दहाच्या आसपास. ही हालचाल डोळ्यांना दिसते, हँडल हलकेच मान हलवल्यासारखं करतं.

दणका म्हणजे रस्त्याचा. खड्डा, काँक्रीटचा सांधा आणि मुंबईचे पेव्हर ब्लॉक. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकचा रस्ता खड्ड्यापेक्षा वाईट, कारण तिथे फोर्कला (पुढच्या शॉकच्या दोन पायांना) दोन धक्क्यांच्या मध्ये सावरायला वेळच मिळत नाही.

चाचणी: अर्ध्या तासात मूळ सापडतं

मोकळा, सरळ रस्ता घ्या. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू आणि पुणे एक्सप्रेसवे दुचाकींना बंद आहेत, त्यामुळे शहरातल्यांनी रविवारी पहाटे नाशिक रस्ता किंवा जुना पुणे रस्ता गाठावा.

चौथ्या गिअरमध्ये 60 चा वेग धरा, हाताला काय लागतंय ते लक्षात ठेवा. त्याच वेगाला पाचवा टाका. थरथर बदलली तर ती आरपीएमच्या मागे जाते, म्हणजे इंजिनाची. तशीच राहिली तर चाक, टायर किंवा चेन. आता मागे-पुढे वाहन नाही हे पाहून 60 लाच क्लच दाबा आणि गाडी घरंगळू द्या. थरथर एकदम नाहीशी झाली तर इंजिन, राहिली तर चाकं. क्लच दाबल्यावर थरथर गेली, पण उभ्या गाडीत त्याच आरपीएमला ती येतच नाही, असं झालं तर चेन आणि स्प्रॉकेटकडे संशयाने बघा. ती दोन्ही फक्त ओढ असताना बोलतात.

इंजिनाची थरथर ठरली की पुढची चाचणी घरच्या पार्किंगमध्ये, संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली नव्हे तर साध्या बॅटरीच्या उजेडात करा. ट्यूब स्वतःच लुकलुकते आणि डोळ्याला फसवते. हँडलच्या दोन्ही टोकांवर व्हाइटनरचा मोहरीएवढा ठिपका लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन गरम. आरपीएम हळूहळू चढवत जा आणि ठिपक्याकडे बघा. एका ठरावीक आरपीएमला तो ठिपका रेघ होतो. 5,400 ला ठिपका, 5,900 ला दोन मिलिमीटरची रेघ, 6,500 ला पुन्हा ठिपका, असं दिसेल. तो आरपीएम कागदावर लिहा. रेघ उभी आहे की आडवी, तेही लिहा. त्या आकड्यावर इंजिन फार वेळ धरून ठेवू नका, उभ्या गाडीला वारा लागत नाही. आरशातल्या प्रतिमेवरून अंदाज बांधू नका. आरसा त्याच्या दांडीवर स्वतंत्रपणे थरथरतो.

ही रेघ म्हणजे हँडलचा स्वतःचा सूर आणि इंजिनाचा सूर जुळल्याची खूण. हँडल हा दोन्ही टोकं मोकळी असलेला लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आहे, त्याला स्वतःची एक ठरलेली कंपनसंख्या असते. इंजिन त्या आकड्यावर पोहोचलं की छोटासा धक्काही मोठा होतो. पुढचं बरंचसं काम या एका आकड्याभोवती फिरतं.

पहिला पाना: ढिलं काय आहे?

इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे माउंटिंग बोल्ट. खडीच्या रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या झाल्या की हे तपासायलाच हवेत. नुसते घट्ट करून भागत नाही. एकच बोल्ट ढिला होऊन बाकीचे घट्ट असतील, तर इंजिन फ्रेममध्ये तिरकं ताणलेलं राहतं आणि तो ताण थरथर पुढे नेतो. म्हणून इंजिन थंड असताना त्याखाली लाकडाचा ठोकळा घालून आधार द्या, सगळे माउंटिंग बोल्ट एक-दोन आटे सैल करा, इंजिन हाताने हलवून बसू द्या. मग सगळे नट हाताने लावा आणि त्यानंतर टॉर्क पान्याने खालचे, मागचे, पुढचे या क्रमाने घट्ट करा. सिलिंडर हेडजवळची पट्टी असेल तर तिचे बोल्ट सगळ्यात शेवटी. टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. नायलॉनचे लॉकनट एकदा काढले की नवीन लावा. मूळ मापाचे, 8.8 किंवा 10.9 ग्रेडचे बोल्ट नागदेवी स्ट्रीटला मिळतात. डोक्यावर ग्रेड छापलेला नसेल तो बोल्ट इंजिनाला लावू नका.

क्रॅश गार्डकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बरेचसे बाहेरचे गार्ड इंजिनाच्याच बोल्टमधून घेतलेले असतात. गार्डचं भोक दोन मिलिमीटर इकडेतिकडे असलं तर बसवणारा तो जोर लावून ओढतो, आणि इंजिन कायमचं ताणलं जातं. गार्ड लावल्यापासून थरथर वाढली असं वाटत असेल तर तो पूर्ण काढून एक चक्कर मारा. फरक पडला तर भोक कानसेने लांबट करून घ्या, वायसर टाकून फट भरा, आणि मगच बोल्ट आवळा. बॅश प्लेट (इंजिनाखालचं संरक्षक पत्र्याचं कवच) नि सामानाच्या रॅकलाही हेच लागू.

मग हँडलचा क्लॅम्प. क्लॅम्पच्या वरच्या भागावर ठिपका किंवा बाण असतो, तो पुढच्या बाजूला. हँडलवरची पंच खूण क्लॅम्पच्या फटीशी जुळवा. बऱ्याच गाड्यांत पुढचे बोल्ट आधी पूर्ण घट्ट करायचे असतात आणि फट फक्त मागे राहते. काहींत दोन्हीकडे सारखी फट ठेवतात. मॅन्युअल बघा. एम8 बोल्टला साधारण 20 ते 25 न्यूटन मीटर. याहून जास्त जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमच्या क्लॅम्पमधले आटे निघतात, आणि ते निघाले की वरची टी (फोर्कचे दोन्ही पाय धरणारी पट्टी) काढूनच काम करावं लागतं.

चाक आणि चेन

स्पोकच्या चाकात पेचकसाच्या मुठीने एकेक स्पोक टिचकवा. घट्ट स्पोक टणकन वाजतो, ढिला थडकन. शेजारच्या स्पोकांपेक्षा वेगळा आवाज आला तर निपल (स्पोकच्या टोकाचा नट) एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि समोरच्या बाजूचाही तपासा. मुंबईच्या खाऱ्या हवेत निपल गंजून अडकतात. जोर लावण्याआधी गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, नाहीतर स्पोकच पिळून तुटतो.

रिम आउट आहे का ते बघायला फोर्कला प्लॅस्टिकची केबल टाय बांधून तिचं टोक रिमपासून मिलिमीटरभर लांब ठेवा आणि चाक फिरवा. डावं-उजवं किंवा वर-खाली 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर रिम सरळ करणाऱ्याकडे न्या. टायरच्या बाजूला रिमच्या कडेशी एक बारीक रेघ असते, ती पूर्ण गोलात सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत बुडालेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. साबणाचं पाणी लावून पुन्हा हवा भरा. रिम लॉक (टायर रिमवर घसरू नये म्हणून आतून दाबून धरणारा तुकडा) बसवला असेल तर त्याचं वजन समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाने तोला, नाहीतर 70 च्या पुढे डुगडुग ठरलेली.

मोठ्या खुट्ट्यांच्या टायरचा काँक्रीटवर येणारा घोंघाट हा बिघाड नाही. तो टायरचा स्वभाव आहे. आठवड्यातले सहा दिवस वेस्टर्न एक्सप्रेस हायवे आणि एक दिवस माती असं वापरणं असेल तर मधल्या धाटणीचा टायर घ्या.

चेन कसलेली असली की ती मागच्या शॉकच्या प्रत्येक हालचालीला ताण देते आणि गुरगुर थेट फूटपेगमधून वर येते. जास्त वर-खाली होणाऱ्या (लाँग ट्रॅव्हल) शॉकला चेन रस्त्यावरच्या गाडीपेक्षा ढिलीच लागते, आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवरच्या) स्टिकरवर असतो. सगळ्यात घट्ट जागी मोजा, कारण झिजलेली चेन सगळीकडे सारखी नसते. पावसाळ्यात चेन प्रत्येक भिजलेल्या फेरीनंतर पुसून तेल द्या.

कोनसेट आणि फोर्क

दणके हँडलवर कडकपणे येत असतील तर इथे बघा. पुढचं चाक जमिनीवरून उचला. सेंटर स्टँड नसेल तर बॅश प्लेटखाली जॅक आणि मागे धरायला एक माणूस. फोर्कचं खालचं टोक धरून पुढे-मागे ओढा. टकटक जाणवली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग, ढिला आहे. मग हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध किंचित अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंगच्या पट्टीवर खड्डे पडले आहेत. तो कोनसेट कसून उपयोग नाही, बदलायचाच.

पडझड झाल्यावर फोर्क टीमध्ये पिळला जातो आणि हँडल तिरकं दिसतं. एक्सल घट्ट, पण त्याचे पिंच बोल्ट (एक्सलला बाजूने आवळणारे) आणि खालच्या टीचे बोल्ट ढिले करा, पुढचा ब्रेक दाबून फोर्क पाच-सहा वेळा दाबा, मग टीचे आणि शेवटी पिंच बोल्ट घट्ट करा. फोर्क तेल किती वर्षं बदललेलं नाही, तेही आठवा. जुनं तेल पातळ होतं आणि काळपट पाण्यासारखं बाहेर येतं. ग्रेड नि माप मॅन्युअलप्रमाणे, दोन्ही पायांत मिलिलिटर सारखे.

पुढच्या टायरची हवा हा सगळ्यात स्वस्त उपाय. मातीवर मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआय कमी केली तरी मनगटांना फरक कळतो. ट्यूबच्या टायरमध्ये 18 च्या खाली दगडधोंड्यात जाऊ नका. रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली की दोन समांतर चिरा पडतात. डांबरावर परतताना हवा पुन्हा भरा, म्हणून छोटा पंप सोबत हवाच.

वजन: इथे लोक सर्वाधिक चुकतात

इतकं करूनही तुमच्या कागदावरच्या आरपीएमला ठिपक्याची रेघ होत असेल तर आता हँडलचा सूर बदलायचा. पाइपच्या टोकाला वजन वाढवलं की त्याची कंपनसंख्या खाली येते. लक्षात घ्या, थरथर मरत नाही, ती दुसऱ्या आरपीएमला सरकते. तुम्ही तासन् तास 5,200 ला चालवत असाल आणि रेघ 6,000 ला येत असेल, तर वजन लावून ती नेमकी 5,200 वर आणून ठेवाल. मग वजन कमी करायला हवं किंवा इतकं वाढवायला हवं, की रेघ तुमच्या नेहमीच्या आरपीएमच्याही बरीच खाली जाईल. ‘बारएंड (हँडलच्या टोकाची वजनं) लावले आणि थरथर वाढली’ अशी तक्रार येते तिचं कारण बहुतेकदा हेच.

म्हणून आधी उधारीचं वजन लावून बघा. टायरवाल्याकडे चाक तोलायची चिकटवजनं मिळतात. दोन्ही टोकांना 100 ग्रॅम चिकटवा, वरून टेप गुंडाळा, ठिपक्याची चाचणी परत करा. मग 200, मग 300. प्रत्येक वेळी रेघ कुठे सरकली ते लिहा. ही चाचणी फक्त उभ्या गाडीवर, चिकटवजनं लावून रस्त्यावर जायचं नाही.

आकडा ठरला की लेथवाल्याकडून वजन करून घ्या. 35 मिलिमीटर व्यासाचा, 40 मिलिमीटर लांबीचा लोखंडी गोल, मधून एम8 साठी 8.5 मिलिमीटरचं भोक, बाहेरून बोल्टचं डोकं आत बसेल अशी 8 मिलिमीटर खोल खाच. वजन साधारण 280 ग्रॅम भरतं. पितळेचा केला तर 300 च्या आसपास, आणि पावसात गंजत नाही. पाइपच्या आत फुगणारा रबरी बुश लागतो. पाइपचा आतला व्यास व्हर्निअरने मोजा, 22 मिलिमीटरच्या लोखंडी हँडलमध्ये तो 18 च्या आसपास असतो. बुश त्याहून अर्धा मिलिमीटर बारीक, 25 मिलिमीटर लांब, आणि नट अर्धा रबरात रुतेल अशी खाच. एम8 बाय 75 चा अ‍ॅलन बोल्ट आवळला की रबर दाबलं जाऊन पाइपला घट्ट धरतं. आटे नि बुश दोन्ही स्वच्छ, कोरडे ठेवा. तेलकट रबर फुगतं, पण पकडत नाही.

उजव्या बाजूला वजन आणि थ्रॉटलच्या नळीत 1 ते 2 मिलिमीटर फट हवीच. थ्रॉटल पूर्ण उघडून सोडा, तो आपणहून फटकन बंद झाला पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे वळवून करा, पूर्ण उजवीकडे वळवून करा, इंजिन चालू असतानाही करा. जरासा जरी रेंगाळला तरी गाडी बाहेर काढू नका.

हँडगार्डवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. लोखंडी कणा असलेला हँडगार्ड लावताना कंपनीचं बारएंड वजन काढून टाकलं जातं, आणि सोबत लोखंडी हँडलऐवजी हलकं अ‍ॅल्युमिनियमचं आलं तर टोकाचं वजन दोन्हीकडून घटतं. ‘चांगलं हँडल लावलं तरी हात जास्त बधिर’ होतात ते यामुळे. हँडगार्डच्या टोकाला बसणारी वजनं घ्या किंवा वरच्यासारखी लेथवर करून त्याच्याच बोल्टमध्ये ओवा.

टोकाला बाहेर वजन नको असेल तर पाइपमध्ये आतून भरता येतं. सायकलवाल्याकडचे 3 मिलिमीटरचे लोखंडी छर्रे घ्या. 18 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये 15 सेंटिमीटर लांबीला सुमारे 180 ग्रॅम बसतात. शिशाचे छर्रे घेतले तर तेवढ्याच जागेत 250 च्या पुढे जातं, मात्र शिसं हाताळताना हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. आत कडक स्पंजाचा गोळा सरकवा, छर्रे ओता, पाइप लाकडावर ठोकत ठोकत बसवा, आणि बाहेरून घट्ट बूच. सैल राहिलेले छर्रे खुळखुळतात, पण दाबून भरलेले एकमेकांवर घासून थरथर थोडी खातातही, हा बाहेरच्या वजनापेक्षा जास्तीचा फायदा. भरण्याआधी स्विचच्या पिनेसाठी हँडलला पाडलेलं भोक बघा, 3 मिलिमीटरचा छर्रा त्यातून सहज निसटून थ्रॉटलच्या घरात जाईल. ते भोक वगळूनच भरा.

सिलिकॉन ओतून पाइप भरायचा सल्ला फिरत असतो. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने वाळतं, बाहेरून आत दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. 15 सेंटिमीटरचा गोळा महिनोन् महिने ओलाच राहतो. फुगणाऱ्या फोमला वजनच नसतं, वर तो पावसाचं पाणी धरून लोखंडी हँडल आतून गंजवतो.

रबरी क्लॅम्प

काही गाड्यांत वरची टी आणि क्लॅम्प यांच्यात रबरी बुश असतात. रबर फक्त त्याच्या स्वतःच्या सुरापेक्षा बऱ्याच वरच्या कंपनांना अडवतं, म्हणजे इंजिनाची थरथर अडते, खड्ड्याचा दणका अडत नाही. हँडलचं टोक धरून वर-खाली हलवा. टोकाशी थोडी लवचीक हालचाल ठीक, पण टक असा आवाज आला किंवा सोडल्यावर हँडल वाकडंच राहिलं तर बुश फाटलेत. मूळ भागच लावा. कडकपणा न बघता कापून घेतलेलं मऊ रबर लावलं की मातीत वळताना हँडल उशिरा ऐकतं, आणि तो धोका थरथरीपेक्षा मोठा. बुश मिळण्यासाठी ऑपेरा हाउस परिसर किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड, पण जुना नमुना हातात घेऊनच जा.

मधोमध 28.6 मिलिमीटर जाडीचं हँडल घ्यायचं असेल तर त्याच मापाचे क्लॅम्प लागतात, आणि केबल्स पुरतात का ते वळवून बघावं लागतं.

आता ग्रिप आणि हात

मऊ, जाळीच्या नक्षीच्या ग्रिप चांगल्या. जाडी बोटांच्या मापाची. मूठ वळल्यावर मधल्या बोटाचं टोक तळहाताला जेमतेम टेकावं. त्याहून जाड ग्रिपला घट्ट धरावं लागतं आणि कोपराखालचा हात दगड होतो. वरून चढवायचे फोमचे कव्हर उन्हाळ्यात छान, जून ते सप्टेंबर पाण्याने भरलेले. ग्रिप चिकटवताना पाइप आणि थ्रॉटलची नळी स्पिरिटने पुसा, ग्रिपचा गोंद लावा, रात्रभर हात लावू नका, आणि पावसासाठी खाचेतून बारीक तार गुंडाळून तिचं टोक आत दाबा.

कोणती बोटं बधिर होतात, यावरूनही निदान होतं. करंगळी आणि अनामिका असेल तर तळहाताच्या खालच्या कडेवर भार पडतोय. हँडल मागे-वर आणा, पोटाने तोल धरा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मनगट वाकलेलं आहे. लिव्हरचा कोन असा ठेवा, की बसून बोटं पुढे केली तर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेघ येईल. उभं राहून चालवताना ती रेघ थोडी मोडते, तेव्हा किंचित खाली झुकलेली लिव्हर दोन्हीला चालते. हातातली झिणझिणी दुसऱ्या सकाळीही गेली नाही तर पाना खाली ठेवा आणि डॉक्टरांना हात दाखवा.

हँडलला मोबाइल लावत असाल तर डॅम्पर (थरथर शोषणारा भाग) असलेला होल्डरच घ्या. मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते, असं अ‍ॅपलने 2021 मध्ये स्वतःच सांगितलं आहे.

सगळं बसवून झाल्यावर पहिल्या 200 किमीनंतर क्लॅम्प, फाउंडेशन बोल्ट, बारएंड आणि स्पोक पुन्हा तपासा. प्रत्येक नटावर आणि त्याशेजारच्या धातूवर मिळून एक पांढरी रेघ ओढून ठेवली, तर पुढच्या वेळी पाना लावायचीही गरज नाही. रेघ तुटलेली दिसली की तोच नट सरकलाय.